आगांचा मसुदा

माझ्या राजकीय शिक्षणात मी ज्यांचं देणं लागते, त्यांत वडील आहेत, बँकेच्या युनियनमधले एक-दोन जुने कॉम्रेड आहेत आणि एक इराणी गृहस्थ आहेत. त्यांना आम्ही आगा म्हणायचो. पुण्यात इराणी म्हटलं की माणसं थेट बनमस्क्यावर येतात; आगांना त्याचा मनस्वी वैताग. शहाच्या राजवटीत ते इथं शिकायला आले, 1979 ला क्रांती झाली म्हणून धावत परत गेले आणि काही वर्षांनी जीव वाचवून पुन्हा पुण्यात आले ते कायमचे. फारसीच्या शिकवण्या आणि भाषांतरं यांवर जगले.

2009 च्या जूनमध्ये आमच्या अभ्यासवर्गात जुंपली. इराणमधल्या 12 जूनच्या अध्यक्षीय निवडणुकीत महमूद अहमदीनेजाद सुमारे 63 टक्के मतांनी जिंकल्याचं जाहीर झालं आणि ‘माझं मत कुठाय?’ असं विचारत तेहरानचे रस्ते भरले. एका गटाचं म्हणणं, हा माणूस अमेरिकेपुढे वाकत नाही, खेड्यातला गरीब त्याच्यामागे आहे, मोर्चात दिसतात ते उत्तर तेहरानचे गॉगलवाले. शिवाय व्हेनेझुएलाच्या ह्यूगो चावेझनी त्याचं अभिनंदनही केलेलं! दुसऱ्या गटाला लाठ्या खाणाऱ्यांची जातकुळी विचारणंच असह्य होत होतं. माझा कल दुसरीकडे होता. पण 1953 मध्ये इराणचे पंतप्रधान मोसादेघ यांचं सरकार उलथवताना सीआयएने रस्त्यावर भाडोत्री गर्दीही उतरवली होती, हे पहिला गट खरंच सांगत होता.

1953 आगांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते बोलले 8 मार्च 1979 बद्दल. हिजाबच्या सक्तीविरुद्ध तेहरानच्या बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा बहुतेक डाव्या संघटनांनी हात आखडता घेतला. आधी अमेरिका, बायकांचं नंतर. पुढच्याच वर्षी खोमेनींच्या राजवटीला साथ द्यायची की नाही यावरून फेदाईन ही डावी संघटना दुभंगली. आगांच्या तूदेह या कम्युनिस्ट पक्षाने साथ दिली, तोही वाचला नाही. 1983 मध्ये बंदी आली, नेते कियानुरी यांना टीव्हीवर बसवून कबुलीजबाब वदवून घेतला गेला. 1988 मध्ये तुरुंगातल्या डाव्यांना विचारलं जाई, मुसलमान आहेस का, नमाज पढतोस का. उत्तरावर फाशी ठरे. आगांचा धाकटा भाऊ त्यात गेला. खावरानच्या दफनभूमीत नेमका कुठं पुरला, हे घरच्यांना कधीच कळलं नाही. 2009 च्या जानेवारीत तर त्या जागेवर बुलडोझर फिरवला गेला.

“पण आगासाहेब, 1988 ला पंतप्रधान कोण होते?” पहिल्या गटातल्या एकाने बरोबर खिंडीत गाठलं. मीर हुसेन मुसावी. म्हणजे ज्यांच्या बाजूने आता मोर्चे निघत होते, तेच.

“मुसावीला मी माफ केलेलं नाही,” आगा त्यांच्या हिंदीमिश्रित मराठीत म्हणाले. “करणारही नाही. पण तुम्ही कामगारांचे लोक ना? मग तेहरानचे बसवाले काय म्हणतात ते तरी वाचा.” वाहेद बस कंपनीतल्या कामगारांच्या युनियनचे नेते मन्सूर ओसानलू तेव्हा तुरुंगात होते. या युनियनने निवडणुकीत एकाही उमेदवाराला पाठिंबा दिला नव्हता. लोकांवर लाठ्या चालल्यावर मात्र तिने आंदोलनाच्या बाजूने पत्रक काढलं. आगांनी ते तिथल्या तिथे मराठीत सांगितलं आणि वर्गात प्रथमच सगळे गप्प झाले.

भावाच्या मारेकऱ्यांच्या सरकारात बसलेल्या माणसाचा जयजयकार करणाऱ्या गर्दीच्या बाजूने उभं राहायचं, आणि त्या माणसाचा हिशेब मात्र सोडायचा नाही. हे किती अवघड आहे, ते त्या दिवशी पाहिलं. ‘शत्रूचा शत्रू’ छापाची गणितं मला तेव्हापासून आळशीपणाची वाटतात.

मग आगांनी ठरावाचा मसुदा लिहून दिला. दोनच कलमं. इराणवरच्या निर्बंधांना आणि युद्धाच्या धमक्यांना आमचा विरोध आहे. अटकेतल्या कामगारांना, विद्यार्थ्यांना, स्त्रियांना सोडा. दोन्हींच्या मध्ये ‘पण’ घालायचा नाही, एवढा त्यांचा आग्रह. ठराव मताला टाकला आणि पडला.

सप्टेंबर 2022 मध्ये हिजाबच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनीचा तेहरानमध्ये पोलीस कोठडीत असताना मृत्यू झाला आणि तोच वाद नव्याने पेटला. आगा तोवर गेले होते. मी त्यांचाच मसुदा फक्त तारखा बदलून मांडला. या वेळी मंजूर झाला. नोंदवहीत सूचक म्हणून माझं नाव आहे. मसुदा आगांचा होता, म्हणून हे लिहिलं.