तुंगेच्या घाटावर माशांची निवड

शृंगेरीला शारदांबेचे दर्शन झाले की पावले आपोआप तुंगेच्या घाटाकडे वळतात. पायऱ्या उतरताच पाण्यापेक्षा मासेच अधिक आहेत की काय, असे वाटते. भाविक चुरमुरे टाकतात (मलनाडात त्यांना मंडक्की म्हणतात) आणि हातभर लांबीच्या काळसर पाठी एकदम उसळतात. घाटावर मासेमारीला बंदी आहे. शेजारच्या आजीबाई त्यांना ‘देवर मीनु’ म्हणाल्या. आमच्या नातवाने तत्परतेने मराठी केले, ‘देवमासे!’ देवमासा म्हणजे व्हेल हे मी सांगेपर्यंत त्याचा पुढचा प्रश्न तयार होता. “अज्जा, यातले दोन आपल्या टाकीत चालतील?”

प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या शहापूरच्या घरी पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काचेची टाकी महिनाभर माशांविना उभी होती. पाणी साडेपाचशे लिटरच्या आसपास. माशांची घाण पचवणारे सूक्ष्म जिवाणू वाळूत आणि फिल्टरमध्ये रुजावेत, म्हणून ती मुद्दाम रिकामी ठेवली होती. दुकानदाराने यादी दिली होती: दोन ऑस्कर, चार एंजल, डझनभर टायगर बार्ब, दोन ‘शार्क’ आणि काच साफ करायला एक सकर. “एवढ्या मोठ्या टाकीत सगळे मावतात,” असे त्याचे म्हणणे.

मावणे वेगळे आणि नांदणे वेगळे. घाटावर तासभर बसलो, तेव्हा हे नातवालाही दिसले. मोठे मासे धारेच्या दिशेने तोंड करून पोहत होते. बोटाएवढी पिल्ले काठच्या संथ, उथळ पाण्यात होती. काही मासे वरच्या थरात, तर काही तळाचे दगड चाचपत होते. नदीत ज्याला ज्याची जागा मिळते, शिवाय पळून जायलाही वाट असते. टाकीत ती वाट नसते, म्हणून निवड आपल्यालाच करावी लागते.

मग घाटावरच यादी तपासली. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. टायगर बार्ब एंजलचे लांब पर कुरतडतात. दुकानातला ‘शार्क’ म्हणजे पंगास, नदीत मीटरभराहून मोठा होणारा. सकरही फूटभराच्या पुढे जातो. यादीतले मासे एकेकटे चांगलेच, पण एका घरात नांदणारे नव्हेत.

आणि तुंगेतला तो देवर मीनु? तो महसीर. त्यातल्या एका जातीचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून तिची नोंद केली. म्हणजे हा मासा मराठी मुलखाचा तसाच कन्नड मुलखाचा. तुंगा भद्रेला मिळते आणि तुंगभद्रा कृष्णेला. आपली कणकुंबीची मलप्रभा कूडलसंगमाला कृष्णेतच जाते. वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी त्याला लागते. पाच फुटांची टाकी त्याला कोठडीच.

पट्ट्यापट्ट्यांचा झेब्रा लोचही सह्याद्रीतल्या नद्यांचा. नारायण राव यांनी १९२० मध्ये त्याचे वर्णन केले, आणि १९५६ मध्ये त्याच्या एका प्रकाराला कोल्हापूरचे नाव मिळाले. आज तो संकटग्रस्त मानला जातो. केरळचा देखणा डेनिसन बार्बही तसाच. हौसेसाठी नद्या रित्या करण्यापेक्षा पैदास केंद्रात वाढलेले मासे घ्यावेत.

परतीच्या वाटेवर तीर्थहळ्ळीला, लेकीच्या सासरी, जेवणानंतर व्याह्यांच्या साक्षीने नवी यादी ठरली. वरच्या थरात दहा जायंट डॅनिओ, मधे बारा रोझी बार्ब, तळाला मऊ वाळूवर आठ कॉरीडोरास. तिन्ही कळपाने राहणारे, शांत, २२ ते २५ अंश तापमान मानवणारे, म्हणजे बेळगावच्या हवेला साजेसे. आधी डॅनिओ सोडायचे, दोन आठवड्यांनी बार्ब, शेवटी कॉरीडोरास, म्हणजे जिवाणूंवर एकदम भार पडत नाही.

नातू थोडा हिरमुसला. दोन मोठे मासे तरी हवेतच होते. “आणि सकर मोठा झालाच, तर नदीत सोडू,” त्याने तोड सुचवली. व्याही कन्नडमध्ये एवढेच म्हणाले, “ब्याड, मगा.” नको, बाळा. टाक्यांतून असे सोडलेले सकर आज उजनीच्या जलाशयात कोळ्यांची जाळी फाडतात. आपल्या मार्कंडेय नदीत सोडलेला मासा घटप्रभेत आणि तिथून कृष्णेत जाऊ शकतो. मासा डोईजड झाला तर दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या हौशी माणसाला. खरेदीआधीच त्याला विचारून ठेवावे, “परत घ्याल ना?” नाही म्हणाला, तर तो मासा घेऊ नये.