उंदरांना नावं ठेवणे

पुण्याहून अमेरिकेला मी शिकायला गेलो आणि उंदीर पळवायला लागलो. ‘एवढ्या लांब मूषक हाकायला?’ आईनं फोनवर विचारलंच. तिचा खांदा दुखत होता. आता तिला कसं सांगणार, की 1996 साली संशोधकांनी 33 प्राण्यांचे खांदे तपासले आणि माणसाशी जुळला तो उंदराचाच! दोघांचीही कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडाच्या कमानीखालून जाते.

तर आमचे उंदीरमामा उतरत्या पट्ट्यावर रोज तासभर धावत, मिनिटाला 17 मीटर. शनिवार-रविवार सुट्टी. (त्यांना. मला नव्हे.) चार आठवड्यांत कंडरा जाड नि कमजोर होते. पण ती तपासायची तर उंदीर मारावा लागतो. म्हणून उंदरांना नावं ठेवायची नाहीत, असा तिथला रिवाज. पुणेकराला हे जमायचं कसं? 14 नंबरचा पट्ट्यावर फतकल मारून बसे, थेट आमच्या बंडूकाकांसारखा! मी मनातल्या मनात नाव ठेवून बसलो.

महिन्यानं बंडूकाकांची पाळी आली. काम केलं. त्या रात्री जेवलो नाही.

आईला फोन लावला. खांदा कसा आहे, विचारलं.

‘बराय. तुझे उंदीर कसे आहेत?’

‘बरे आहेत,’ म्हटलं.