तिसऱ्या लाटेपलीकडे

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सांताक्रूझ नावाचे एक गाव आहे. पॅसिफिक महासागराच्या लाटा तेथे बारा महिने येतात, आणि फळीवर उभे राहून त्या लाटांवर स्वार होणारी माणसेही तेथे बारा महिने दिसतात. हा खेळ त्या गावाला हवाई बेटांनी दिला. १८८५ साली हवाईचे तीन राजपुत्र शिक्षणासाठी त्या प्रांतात आले होते. त्यांनी रेडवुड वृक्षाच्या लाकडाच्या फळ्या करवून घेतल्या आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखापाशी ते लाटांवर आरूढ झाले. गावातल्या दीपगृहात आज या खेळाचे एक लहानसे संग्रहालयही आहे.

याच गावात एक वृद्ध सुतार राहत असत. त्यांचे वय चौऱ्याहत्तर वर्षांचे होते, आणि त्यांतली पंचावन्न वर्षे तरी त्यांच्या सकाळी लाटांवरच गेल्या होत्या. तेथील पाणी विलक्षण गार. रबरी पोशाख अंगात चढवल्यावाचून त्यात फार वेळ राहवत नाही. थंडी असो वा धुके असो, हे गृहस्थ तो काळा पोशाख चढवून पहाटे समुद्रात उतरत आणि न्याहारीच्या वेळी परत येत. पुढे त्यांचे दोन्ही गुडघे कुरकुरू लागले. एका शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले की, आता फळीवर उभे राहणे विसरावे. त्यांनी वाद घातला नाही. पोशाख धुऊन, वाळवून खुंटीला टांगला आणि फळी छपरीत उभी करून ठेवली. मात्र त्या दिवसापासून त्यांच्या सकाळी फार लांब होऊ लागल्या.

त्यांची नात बारा वर्षांची होती. आजोबांच्या वाढदिवसाला तिने आपल्या साठवलेल्या पैशांतून एक खेळणे आणले. हातभर लांबीची एक फळी, तीवर दोन्ही हात पसरून उभा असलेला एक लहानसा स्वार, फळीच्या पोटात मोटर आणि बॅटरी, आणि किनाऱ्यावरून हुकूम सोडण्यासाठी एक रेडिओयंत्र. स्वाराचे धड आत बसवलेल्या सर्वो नावाच्या छोट्या मोटरीने डावीउजवीकडे वळे. त्याचा भार ज्या अंगाला सरकेल त्या अंगाला फळी कले आणि कललेली फळी त्याच बाजूस वळे. खरा स्वारही नेमके हेच करतो. फळीखाली शिशाचे वजन बसवलेला एक पर होता. आपल्याकडच्या बुडाशी जड असलेल्या बाहुलीला कितीही आडवे पाडले तरी ती डोलत उभी राहते ना, तसाच हा स्वारही लाटेने उलथवला तरी पुन्हा सरळ होई.

आजोबांनी ते खेळणे हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिले. “याचा डावा पाय पुढे आहे. माझाही डावाच असे,” एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघे कॉवेल नावाच्या किनाऱ्यावर गेली. तेथील लाटा सौम्य असतात आणि नवशिके तेथेच धडे घेतात. परंतु लाट सौम्य म्हणायची ती माणसाच्या मापाने. हातभर फळीला गुडघाभर लाट म्हणजे भिंतच! स्वार निघाला, पहिल्या फेसाळ लाटेतून कसाबसा पार झाला, दुसरीने त्याला उलथवले, तो पुन्हा उभा राहिला, आणि मोटर जोर करीत असतानाच तिसऱ्या लाटेने त्याला उचलून थेट वाळूवर आणून टाकले. सात वेळा प्रयत्न झाला. सातही वेळा तो तिसऱ्या लाटेपाशीच हरला. आजोबांनी काही न बोलता रेडिओयंत्र नातीच्या हाती दिले आणि ते घराकडे वळले. त्यांच्या पाठीकडे पाहताना त्या मुलीला वाटले की, आपण ही भेट आणली नसती तर बरे झाले असते.

लाटांवर स्वार होण्याआधी लाटांच्या पलीकडे जावे लागते, हे जमिनीवरच्या माणसांच्या सहसा ध्यानात येत नाही. सारे चित्र येतानाचे काढतात. जातानाचे कष्ट कोणी रंगवीत नाही. त्या खेळण्याची अडचण नेमकी जातानाची होती.

त्या रात्री नातीने खेळण्याचे झाकण उघडले. आतली मोटर जुन्या पद्धतीची होती. अशा मोटरीत तारेचे वेटोळे फिरते, चुंबक स्थिर असतात आणि फिरत्या वेटोळ्याला वीज पोचवण्यासाठी कार्बनचे दोन छोटे तुकडे त्याच्या आसाला सतत घासत राहतात. त्यांना ब्रश म्हणतात. या घासण्याने ठिणग्या उडतात, उष्णता वाढते आणि ब्रश झिजतात. दुसऱ्या प्रकारच्या मोटरीत याच्या उलट असते. वेटोळी स्थिर आणि चुंबक फिरते. त्यामुळे ब्रशांची गरजच उरत नाही. मात्र तिच्या वेटोळ्यांना वीज पाळीपाळीने द्यावी लागते, आणि ती पाळी राखण्याचे काम एक इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. मोटरीच्या तीन तारा त्या नियंत्रकाला जोडलेल्या असतात. अशी मोटर त्याच आकारात अधिक जोर देते आणि अधिक काळ टिकते.

“आजोबा, याला नवे हृदय बसवू या का?” तिने विचारले.

आजोबा हसले. कित्येक दिवसांत ते हसले नव्हते. मात्र सुताराचा हात लाकडाला सरावलेला. विजेच्या बाबतीत ते नातीहूनही नवखे. तरी उत्साह त्यांचाच अधिक. दुकानात गेल्यावर त्यांनी सर्वांत जोमदार दिसणारी मोटर निवडली. पूर्वीची बॅटरी निकेलच्या सहा घटांची, ७.२ व्होल्टची होती. तिच्या जागी त्यांनी लिथियमची तीन घटांची, ११.१ व्होल्टची बॅटरी घेतली. “समुद्राशी गाठ आहे, कमी कशाला?” असे त्यांचे म्हणणे. नातीने तारांना डाख दिला, झाकणाखाली नवा रबरी वायसर बसवला, फटी सिलिकोनने बुजवल्या. शनिवारी दोघे पुन्हा किनाऱ्यावर आली.

त्या दिवशी जे घडले ते पाहून वाळूवरची मुले टाळ्या पिटू लागली. आजोबांचा चेहरा मात्र उतरला. स्वार बाणासारखा सुटला, पहिल्या लाटेच्या माथ्यावरून हवेत उडाला आणि पाठीवर आपटला. सरळ झाला, पुन्हा सुटला, पुन्हा उलटला. पंखा एका दिशेने जोरात फिरला की फळीला उलट दिशेने पीळ बसतो. त्या पिळाने फळी सारखी एका अंगाला झुकत होती. त्यातून मोटर जड असून ती उंचावर बसवलेली, त्यामुळे बुडाच्या शिशाचा जोर अपुरा पडू लागला. आणि उलटला की स्वार हुकूमही ऐकेनासा होई. त्याची अँटेना फळीच्या पोटात होती, आणि या रेडिओयंत्रांच्या लहरी खाऱ्या पाण्यात शिरताच विरून जातात. पाण्याखालच्या कानाला किनाऱ्यावरची हाक पोचणार तरी कशी?

तेवढ्यात एक भलतेच संकट आले. त्या समुद्रात केल्प नावाचे तपकिरी शेवाळ उगवते. त्याच्या दोऱ्या झाडांइतक्या उंच वाढतात, आणि पाणमांजरे तर झोपेत वाहून जाऊ नये म्हणून त्या अंगाभोवती गुंडाळून घेतात. अशीच एक तुटलेली दोरी पंख्यात गुंतली. पंखा अडला, परंतु मोटरीचा हट्ट सुटला नाही. ती अधिकाधिक वीज ओढू लागली. झाकणाच्या कडेतून धुराची एक बारीक रेघ वर आली आणि सारे थंडावले. निर्जीव स्वार पाण्यावर तरंगत राहिला. तो बुडाला नाही हे भाग्य; पण वारा जमिनीकडून वाहत होता आणि स्वार हळूहळू लांब जात होता.

आजोबांनी चटकन बूट काढले. नात पुढे झाली आणि तिने त्यांचा हात धरला. “नको, आजोबा! तो गेला तर गेला.” क्षणभर त्या हाताला ओढ जाणवली, मग ती थांबली. दोघे तशीच उभी राहिली. जवळजवळ अर्ध्या घटकेनंतर एका तरुणाने फळीवर पालथे पडून, हातांनी पाणी वल्हवीत ते खेळणे परत आणून दिले. आजोबांनी त्याचे आभार मानले. पण वाटेत ते एक शब्दही बोलले नाहीत. आपण त्या पाण्यात जाऊ शकलो नाही, याचेच दुःख त्यांना अधिक झाले असावे.

नियंत्रक जळून गेला होता. मोटर वाचली होती. नातीने आता दुकानाऐवजी वही उघडली, आणि हे तिने आधीच करावयास हवे होते असे कोणी म्हटले तर ते खोटे नाही. पाण्यातल्या पंख्याचा एक नियम तिला एका पुस्तकात सापडला. पंख्याची गती वाढवली की त्याला लागणारी शक्ती त्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ७.२ वरून ११.१ व्होल्ट म्हणजे दाब सुमारे दीडपट. मोटरीची गतीही साधारण तितकीच वाढते. दीडाचा घन तिने मांडला. दीड गुणिले दीड म्हणजे सव्वादोन, आणि पुन्हा दीडाने गुणले की ३.३७५. दीडपट वेगासाठी तिपटीहून अधिक शक्ती! आणि ही केवळ दाबाची गोष्ट झाली. नवी मोटर स्वतःच अधिक वेगाने फिरणारी होती, तो हिशेब निराळाच. एवढी वीज त्या छोट्या नियंत्रकातून आणि बारीक तारांतून जाताना उष्णता होणार नाही तर काय?

तिने ती वही आजोबांसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा गुणाकार करून पाहिला. “म्हणजे चूक माझी,” ते म्हणाले. “मी फळ्या इतकी वर्षे केल्या. फळीला जोर नको, तोल हवा, हे मी दुसऱ्यांना सांगत आलो आणि स्वतःच विसरलो.”

नंतरचे तीन आठवडे छपरीतला दिवा उशिरापर्यंत जळत असे. तीन घटांऐवजी दोन घटांची बॅटरी आली. मोटर कमी वेगाची, परंतु ताकदीची निवडली. नियंत्रक मात्र गरजेहून मोठा घेतला, म्हणजे शेवाळ अडकले तरी त्याला दम धरता यावा. आणि पंखा अडला तर वीज तोडण्याची सोयही त्यात होती. आजोबांनी मोटरीची बैठक पटाशीने कोरून खाली उतरवली आणि बॅटरी मध्यापासून बोटभर एका अंगाला सरकवली. तेवढ्याने पंख्याचा पीळ सावरला गेला. फळीच्या तळातून एक बारीक नळी मोटरीभोवती आणि नियंत्रकावरून फिरवून कडेच्या छिद्रातून बाहेर काढली. फळी चालू लागली की समुद्राचेच पाणी त्या नळीतून वाहून आतली उष्णता घेऊन जाई, आणि कडेने उडणारी पिचकारी पाहून किनाऱ्यावरूनही समजे की आत सारे ठीक आहे. पंख्याच्या आसाभोवती ग्रीस भरले. अँटेनेची तार नातीने स्वाराच्या पाठीतून वर नेऊन त्याच्या डोक्यात बसवली. आता फळी पाण्यात दबली तरी कान वर राहत होते. हाक तुटली तर मोटर आपोआप बंद व्हावी, अशीही योजना तिने केली. लिथियमची बॅटरी चुकीने हाताळली तर पेट घेते, म्हणून ती अंगणातल्या फरशीवर ठेवून, समोर बसूनच भरली जाई. त्या वेळी आजोबा फळ्यांच्या आणि लाटांच्या गोष्टी सांगत. बॅटरी भरण्यास वेळ लागतो, याचे नातीला त्या दिवसांत कधीच वाईट वाटले नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी दोघे पुन्हा कॉवेलवर उतरली. आकाश स्वच्छ होते. धक्क्याखालून समुद्रसिंहांचे भुंकणे ऐकू येत होते. नातीने आधी पाण्यावर नजर फिरवून जवळपास पाणमांजर नाही याची खात्री केली. असेल तर खेळणे सोडायचे नाही, हा दोघांचा नेम होता. मग तिने स्वाराला पाण्यात ठेवले.

पहिली लाट त्याने सरळ कापली. दुसरीत तो दिसेनासा झाला, आणि फेस ओसरला तेव्हा डोके वर काढून उभा होता. कडेची पिचकारी उन्हात चमकत होती. तिसरी लाट आली. ती इतरांहून मोठी होती. आजोबांनी हातातला खटका सोडला नाही, पण वाढवलाही नाही; लाट माथ्यापाशी पातळ होईपर्यंत ते थांबले आणि मग किंचित जोर दिला. स्वार लाटेच्या पाठीवरून घसरत पलीकडे उतरला.

पलीकडे पाणी निळे आणि शांत होते. कितीतरी वेळ आजोबांनी त्याला तेथेच राहू दिले.

“आणायचे ना परत?” नातीने हळूच विचारले.

“थांब. घाई नको. चांगल्या लाटेची वाट पाहावी लागते,” ते म्हणाले. दोन लाटा त्यांनी जाऊ दिल्या. तिसरी येताच स्वाराचे तोंड किनाऱ्याकडे वळवले, एकदाच जोर दिला आणि मोटर बंद केली. लाटेने त्याला उचलले. मोटर नाही, आवाज नाही. दोन्ही हात पसरून तो उतारावरून तिरपा धावू लागला. त्याचे धड उजवीकडे झुकले की आजोबांचा खांदाही उजवीकडे झुके, डावीकडे वळले की त्यांचे गुडघे नकळत वाकत. आपण वाळूवर उभे आहोत याचे भान त्यांना राहिले नव्हते.

फळी उथळ पाण्यात येऊन थांबली. नात धावत गेली, तिने ती उचलून आणली आणि झाकण उघडून आत बोट फिरवले. आत एक थेंबही पाणी नव्हते.

“डावीकडे वळताना त्याचा खांदा जरा उशिरा झुकतो,” आजोबा म्हणाले.

“सर्वोचा दांडा बदलावा लागेल,” नात म्हणाली. “उद्या पाहू. पण घरी गेल्यावर आधी गोड्या पाण्याने धुऊ या, नाहीतर मिठाने सारे गंजेल.”

आजोबांनी रेडिओयंत्र तिच्या हातात दिले. “आणखी एकदा,” ते म्हणाले, “या वेळी तू ने.”