विरजणाचा चमचा

कालच्या दह्यातला चमचाभर आजच्या कोमट दुधात, आजच्यातला उद्याच्या. घरोघरी विरजण असेच चालते. जीवसृष्टीच्या आरंभाविषयी शिकवताना मी विरजणाचीच आठवण काढत असे, कारण इलिनॉय विद्यापीठात सोल स्पीगेलमन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी याच रीतीचा होता.

त्यांनी क्यू-बीटा या विषाणूचा आरएनए रेणू घेतला. हा विषाणू जिवाणूंमध्ये वाढतो. परीक्षानळीत त्याची नक्कल करणारे एन्झाइम आणि लागणारा कच्चा माल घातला. काही मिनिटांनी त्यातला थोडा भाग दुसऱ्या नळीत, त्यातला तिसऱ्या नळीत, अशा ७४ पाळ्या केल्या. नकलेला मिळणारा वेळ मधूनमधून कमी केला. शेवटी उरलेला रेणू मूळच्या जेमतेम १७ टक्के लांबीचा होता! कवच कसे बांधायचे, जिवाणूत कसे शिरायचे, ही माहिती गळून गेली होती. नळीत ती कोणी मागतच नव्हते. आखूड रेणूची नक्कल लवकर होई, म्हणून तोच टिकला.

उत्क्रांतीला जिवंत पेशीच हवी असे नाही. नक्कल, तीत होणाऱ्या चुका आणि निवड एवढे पुरते, हे यातून दिसले. मात्र इथे एन्झाइम बाहेरून दिलेले होते. सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी ते कोण देणार? पुढे थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवले की आरएनए स्वतःही एन्झाइमसारखे काम करू शकतो. त्यांना १९८९चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आरंभी आरएनएच मजकूर आणि आरएनएच कारागीर असावा, या कल्पनेला त्यामुळे बळ आले.

जे मागितले जात नाही ते गळते, हे मी आता घरातही पाहतो. माझी नात ‘भूक लागली’, ‘नको’, ‘झोप आली’ सफाईने म्हणते. तिच्या मराठीतला भूतकाळ मात्र गळाला होता. तिला बोल कसा लावणार? घरात तेवढ्यावर भागत होते.

म्हणून दर शनिवारी सकाळी साताऱ्याला माझ्या बहिणीला फोन लावून देतो. तिला इंग्रजी येत नाही, आणि शाळेत काय झाले ते सगळे ऐकायचे असते. गेल्या महिन्यात नात म्हणाली, “आत्याआजी, मी पडले, पण रडले नाही.”

स्पीगेलमन यांच्या नळीत गळलेला मजकूर परत आला नाही. मुलांचे तसे नसते. या दिवाळीत गावाकडे फोन लावा, मुलांच्या हातात द्या आणि आपण जरा बाजूला व्हा.