घग्गर जिथे वाळूत आटते

पहाटे पावणेपाचला स्वयंपाकघरातला दिवा लागला आणि माझी झोप मोडली. फेब्रुवारीचे दिवस होते, चंदीगडची थंडी अजून पुरती ओसरलेली नव्हती. बाहेर येऊन पाहते तो दादा जेवणाच्या टेबलापाशी उभ्याउभ्याच केळे खातो आहे. अंगात घट्ट काळी तुमान आणि पाठीला खिसे असलेला भगभगीत पिवळा सदरा.

"येतेस का तलावापर्यंत? वहिनीची सायकल आहे," तो म्हणाला.

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या होत होत सोळा वर्षांपूर्वी तो चंदीगडला आला आणि इथलाच होऊन गेला. आज वय अठ्ठेचाळीस. शाळा सुटल्यापासून चाळिशीपर्यंत त्याने सायकलला हात लावला नव्हता. आता तो आठवड्याला अडीचशे किलोमीटर सायकल चालवतो आणि त्यासाठी त्याला कोणी एक पैसा देत नाही. मी गेले होते ते चंदीगड बघायला आणि त्यावर लिहायला. लिहिते आहे ते मात्र बरेचसे दादाच्या सायकलमागून पाहिलेले.

चंदीगड सायकलवरूनच पाहावे, असे माझे प्रामाणिक मत झाले आहे. फाळणीत लाहोर गेले आणि पंजाबला राजधानी उरली नाही, म्हणून हे शहर कोऱ्या कागदावर आखले गेले. १९५१ साली ल कॉर्बुझिए या वास्तुशिल्पीने आराखडा हाती घेतला. आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असा एकेक सेक्टर आणि रस्त्यांच्या सात प्रती : हमरस्त्यापासून घराच्या दारापर्यंत येणाऱ्या गल्लीपर्यंत. सायकलींसाठी आठवी प्रत मागाहून जोडली. रस्त्याकडेला कुठे बहावा, कुठे गुलमोहर, कुठे सिल्व्हर ओक, तेही आखून लावलेले. पुण्यामुंबईच्या माणसाला पहिले दोन दिवस इथे चुकल्यासारखे होते, कारण चुकायला जागाच नाही.

पण या आखीवपणाचा सायकलवाल्याला एक जाच आहे, तो दादाने पहिल्याच दिवशी सांगितला. सेक्टर संपला की चौक. म्हणजे दर किलोमीटरला गोल चक्कर नाहीतर सिग्नल. "पाय जरा लयीत आले की ब्रेक. या शहरात दमही लागत नाही आणि सरावही होत नाही," तो म्हणाला. सायकलींसाठी वेगळे मार्ग बांधले आहेत, त्यांवर शाळेची मुले, कामाला निघालेले मजूर आणि माझ्यासारखे पाहुणे सुखाने जातात. वेगाने जाणारा मात्र चौकाचौकात अडखळतो. म्हणून खरा सराव करणारी मंडळी उजाडायच्या आत शहराबाहेर पडतात.

आम्ही सुखना तलावाशी पोचलो तेव्हा पूर्वेकडे शिवालिकच्या टेकड्यांची काळी रेघ उमटत होती. हा तलाव १९५८ साली एका पावसाळी ओढ्याला बांध घालून केला. बांधावर मोटारगाडीला मज्जाव आहे, त्यामुळे पहाटे तिथे फक्त चालणाऱ्यांच्या बुटांचा आवाज. तलावापासून जवळच रॉक गार्डन आहे. ते पाहायला सगळेच जातात, पण ते सायकलवरून उभे राहिले हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. नेकचंद हे बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक. नोकरीची वेळ संपली की सायकलवर बसून ओढ्यानाल्यांतून, टेकड्यांच्या पायथ्याशी जायचे, मनात भरलेला दगड उचलून सायकलला बांधायचा आणि जंगलातल्या आपल्या गुप्त जागी आणून ठेवायचा. १९५७ च्या सुमारास सुरू झालेला हा उद्योग पुढे अठराएक वर्षे कुणाला कळला नाही. १९७६ साली बाग लोकांना खुली झाली. ज्या शहराचा प्रत्येक दगड नकाशात दाखवला होता, तिथे एका सायकलस्वाराने नकाशाबाहेरचे राज्य वसवले. मला तर हे सारे शहर पाहून झाल्यावर तेवढेच जास्त आठवते.

पण दादाचे वेड वेगळे. त्याला वाळवंट गाठायचे होते.

त्याचे असे आहे. चंदीगडला लागून पंचकुल्याजवळून घग्गर नदी वाहते. उगम वर हिमाचलात, डगशाईच्या डोंगरात. तिथून ती पंजाब-हरियाणाच्या सपाटीवर उतरते आणि नैऋत्येला राजस्थानात हनुमानगढ, सुरतगढच्या पुढे वाळूत आटून जाते. समुद्राला मिळतच नाही. तिच्या कोरड्या काठावर काळीबंगा आहे, हडप्पा काळातले गाव. तिथे नांगरलेल्या शेताच्या हजारो वर्षांपूर्वीच्या खुणा सापडल्या. दादा रविवारी सकाळी ज्या डोंगरात सायकल चालवायचा, त्याच डोंगराचे पाणी तिकडे जाऊन संपते, हे त्याने कुठेतरी वाचले आणि मग ते डोक्यातून जाईना. चंदीगड, पतियाळा, संगरूर, भटिंडा, डबवाली, हनुमानगढ, सुरतगढ आणि तिथून थेट दक्षिणेला बिकानेर. अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास.

अशा लांब पल्ल्याला ब्रेव्हे म्हणतात. ही पद्धत मूळची फ्रान्सची. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचे, बाराशे किलोमीटर, मुदत नव्वद तास. ही तिकडची सर्वांत जुनी आणि मानाची. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. ठरल्या वेळेत पोचलात तर पोचलात, नाही तर नाही. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. झोप, जेवण, पंक्चर सगळे त्याच वेळात. रात्री दिवे आणि चमकणारे जाकीट सक्तीचे. दादाने दोन मित्रांबरोबर, एक सरदारजी दंतवैद्य आणि एक बँकेतला तरुण, बिकानेरचा बेत याच हिशेबाने आखला. ताशी पंधरा धरून चौतीस तास.

पहिला प्रयत्न गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला. जानेवारीत पंजाबात धुके असे दाटते की पुढचा ट्रक दिसत नाही, आणि मार्चअखेर ऊन तापू लागते. ज्या वाळवंटाच्या तोंडाशी जायचे तिथल्या चुरू गावी जून २०१९ मध्ये पारा पन्नास अंशांवर गेला होता. म्हणून फेब्रुवारी. वर्षभर दर रविवारी तिघे कसौलीला जात होते. चंदीगड समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरवर, कसौली अठराशेच्याही वर. पिंजोर, काल्का, परवाणू, तिथून जंगेशूचा अरुंद रस्ता धरून चढायचे. "एवढा घाट चढतो आपण, तर सपाटीची काय कथा, असं वाटायचं," दादा म्हणाला.

सपाटीनेच त्याला पाडले. घाटात चढ असतो तसा उतारही असतो. उतारावर पाय थांबतात, पाठ सरळ होते, हात मोकळे करता येतात. वाळवंटात उतार नाही. पायडल थांबले की सायकल थांबली. एकाच ढबीत, त्याच सीटवर, तळहातावर तोच भार, तासन् तास. त्यात वारा. सपाटीवर सायकलस्वाराचा खरा प्रतिस्पर्धी हवाच असते. वेग दुप्पट केला तर हवेचा अडसर चौपट होतो आणि त्यासाठी लावावे लागणारे बळ आठपट. त्या दिवसांत वायव्येकडून वारा सुटतो आणि दक्षिणेला जाणाऱ्याला तो उजव्या कुशीवर मारतो. झाड नाही, भिंत नाही. असला आडवा वारा कसलेल्यांचीही दैना करतो. २०१६ साली कतारमध्ये दोह्याला जागतिक स्पर्धा झाली तेव्हा वाळवंटातल्या आडव्या वाऱ्याने भल्याभल्यांच्या रांगा फोडून टाकल्या होत्या. जे पुढच्या तुकडीत राहिले ते राहिले, मागे पडलेल्यांची स्पर्धा तिथेच संपली. वारा बाजूने असला की एकामागे एक राहून आडोसा मिळत नाही, तिरकी फळी धरावी लागते. चालत्या रस्त्यावर तिघांनी फळी धरायची म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकच्या तोंडी जायचे.

सुरतगढ आणि बिकानेर यांच्या मध्ये महाजन नावाचे गाव आहे, लष्कराच्या गोळीबाराच्या मैदानामुळे ठाऊक असलेले. तिथे सकाळी आठला दादा उतरला तो पुन्हा सायकलवर बसलाच नाही. एकशे दहा किलोमीटर उरले होते, वेळ होते सहा तास, आणि दोन्ही हातांच्या करंगळ्या व त्यांच्या शेजारची बोटे बधिर. नाशिकच्या महाजन बंधूंचा, त्या डॉक्टरांच्या जोडीचा, तो मोठा भक्त. २०१५ साली दोघांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत, जवळजवळ ४,८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत पुरी केली. दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने केली, बारा दिवसांच्या आत. त्या शर्यतीतही सुरुवातीलाच वाळवंट लागते. "आणि मी महाजनलाच गळपटलो," हे दादा हसत सांगतो. वहिनी हसत नाहीत. त्या सकाळी फोनची बॅटरी संपली होती, आणि आठ ते अकरा हे तीन तास त्यांनी कसे काढले ते त्यांनाच माहीत.

"हात महिनाभर सुन्न होते त्यांचे," वहिनी मला पोळ्या लाटता लाटता सांगत होत्या. "ऑफिसला जाताना शर्टाची बटणं मी लावून द्यायची. मुलगा बारावीला, आणि याच्या वडिलांची बटणं मी लावतेय. तुम्हीच सांगा, कशासाठी?"

मी दादाला विचारले. तो बराच वेळ चेनला तेल देत राहिला. मग म्हणाला, "ऑफिसात फाइल माझ्याकडे येते, पुढं जाते. माझ्यामुळं काय झालं, काय अडलं, सांगता येत नाही. सायकलचं सांगता येतं." एवढेच. मला ते पटले असे नाही, वहिनींना तर नाहीच. पण खोटेही वाटले नाही.

या वर्षी त्याने सराव पार बदलला. कसौली बंद केली. त्याऐवजी रविवारी भर दुपारी, वारा असेल तेव्हाच, पतियाळा-संगरूरच्या सरळसोट रस्त्यावर जायचे आणि न थांबता चार तास पायडल मारायचे. दोन्ही बाजूंना गहू, मधूनमधून ट्रॅक्टर, पाहण्यासारखे काही नाही. "कंटाळ्याचा सराव" हे त्याचे नाव. हँडल बोटभर उंच केले, त्यावर जाड पट्टी गुंडाळली, दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलायची सवय लावली. कोरड्या हवेत घाम जागच्या जागी वाळतो, त्यामुळे तहान कळत नाही आणि सदऱ्यावर मिठाची पांढरी नक्षी उठते. म्हणून घड्याळ लावून पाणी, त्यात मीठ-साखर-लिंबू. खाण्याला वहिनींच्या गुळपोळ्या. रागावूनच, पण बावीस केल्या. आणि अट घातली : दर तीन तासांनी फोन. दादाने दोन जादा बॅटऱ्या घेतल्या.

शनिवारी पहाटे चारला तिघे निघाले. मी आणि वहिनी गॅलरीत उभ्या होतो. तीन तांबडे दिवे कोपऱ्यावर वळले आणि दिसेनासे झाले.

त्यानंतरचे सगळे फोनवरचे. पतियाळा, ठीक. भटिंडा, उशीर, पण ठीक. डबवालीला दंतवैद्यांचा गुडघा धरला, ते बसने परत फिरले. हनुमानगढच्या अलीकडे वेड्या बाभळीच्या काट्यांनी दोन पंक्चर. रात्री घग्गरचा पूल ओलांडला तेव्हा दादाने मुद्दाम फोन केला. पुलाखाली काही दिसत नव्हते. "पाणी आहे का?" मी विचारले. "अंधार आहे," तो म्हणाला. सुरतगढला दीड तास बसस्थानकाच्या बाकावर झोप. थंडी इतकी की वर्तमानपत्राचे कागद सदऱ्याच्या आत घातले.

रविवारी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी फोन आला, महाजनहून. चहा घेतो आहे म्हणाला. वहिनींनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या अंघोळीला गेल्या. नऊच्या फोनला लूणकरणसर. वारा उठला होता, पलीकडून बोललेले अर्धे कळत नव्हते. बाराचा फोन आलाच नाही. वहिनींनी कपाट काढून साऱ्या साड्या पुन्हा घडी करून ठेवल्या. मी मदत करू लागले तर नको म्हणाल्या.

एक वाजून दहा मिनिटांनी घंटी वाजली. मागे मोटारींचा गोंगाट, उंटगाडीवाल्याची ओरड. बिकानेरच्या जुनागढ किल्ल्यासमोर उभा होता. मुदतीला पन्नास मिनिटे शिल्लक. बाराला वारा इतका होता, की थांबलो असतो तर पुन्हा बसलो नसतो, असे म्हणाला, आणि त्या फोनबद्दल दोनदा माफी मागितली.

वहिनींनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "बोटं कशी आहेत? बटणं लावता येतील?"

"अगं, या सदऱ्याला चेन असते," दादा म्हणाला.

"घरी आल्यावर शर्ट देते, लावून दाखवा," वहिनी म्हणाल्या, आणि कुकर लावायला आत गेल्या.