बिनछपराच्या दोन गाड्या

"हिला छप्पर कुठंय?"

बाबांचा पहिला प्रश्न हा. दिवस रामनवमीचा, ठिकाण पोहरादेवी, वेळ दुपारी दोनची आणि ऊन चाळिशीला टेकलेलं. आई मावशीबरोबर जीपने आली होती आणि अजून बायकांच्या रांगेत होती. मी आणि बाबा स्प्लेंडरवर आलो होतो. आमचं दर्शन उरकलं होतं म्हणून एका कडुनिंबाखाली गाडीला टेकून उसाचा रस पीत होतो. मी सवयीने मोबाईलवर माझे ते दोन फोटो काढले आणि बाबांनी मान वाकवून पाहिलं.

ज्यांना पोहरादेवी माहीत नाही त्यांच्यासाठी... वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे आम्हा बंजारा लोकांची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, जगदंबा देवीचं मंदिर आहे आणि रामनवमीला तांडेच्या तांडे इथे लोटतात. नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालयही इथेच आहे, २०२४ च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटन झालं. अशा ठिकाणी येऊन स्पोर्ट्स कारचे फोटो बघत बसणारा मी एकटाच असणार. असो.

तर झालं असं की गेले आठ महिने माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. नॉर्थ कॅरोलिनात रॅलेला नोकरी, एकटा जीव, आणि तीन तासांवर ब्लू रिज पार्कवे नावाचा डोंगराच्या माथ्यामाथ्यावरून जाणारा ४६९ मैलांचा रस्ता. ह्या रस्त्यावर छप्पर उघडून गाडी चालवायची एवढी एकच चैन करायची ठरवली होती. बजेटमध्ये बसणाऱ्या, म्हणजे सेकंडहॅंड, दोनच गाड्या उरल्या: माझदा मियाटा (जगात इतरत्र हिला एमएक्स-५ म्हणतात) आणि फियाट १२४ स्पायडर. दोन्ही २०१७ च्या, दोन्ही अठरा हजार डॉलरच्या आसपास.

"माझदा म्हणजे स्वराज माझदावाले?" बाबा म्हणाले. (घरी आम्ही गोरमाटीत बोलतो, इथे मराठीत लिहितोय.)

"हो, तेच जपानी."

"आणि ही पद्मिनीवाली फियाट?"

"तीच."

बाबांनी तीस वर्षं एसटी चालवली. त्यांच्यासाठी माझदा म्हणजे शाळेची मिनीबस आणि फियाट म्हणजे मुंबईची काळीपिवळी टॅक्सी. ती पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली हे मी सांगितलं, तर त्यांनी खरोखर "अरेरे" केलं.

मग मी त्यांना माझ्या आवडीची गंमत सांगितली. ह्या दोन गाड्या एकाच कारखान्यात बनल्या. फियाटने आपली जुनी १२४ स्पायडर (१९६६ ते १९८५) पुन्हा आणायची ठरवली तेव्हा नव्याने चासी बनवण्यापेक्षा माझदाशी करार केला. मियाटाचाच सांगाडा, तेच स्टेअरिंग, तेच एका हाताने मागे टाकायचं कापडी छप्पर. जपानमधल्या हिरोशिमाच्या प्लांटमध्ये इटलीहून आलेलं इंजिन बसवायचं आणि वरून वेगळा पत्रा. आमच्या भाषेत सांगायचं तर बॅकएंड एकच, फ्रंटएंड वेगळा आणि मधलं एक मॉड्यूल बदललेलं.

"म्हणजे फरक इंजिनाचाच ना?" बाबा.

बरोब्बर! मियाटात २ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन, १५५ हॉर्सपॉवर. फियाटमध्ये १.४ लिटरचं टर्बो, १६० हॉर्सपॉवर. कागदावर बरोबरी वाटते, पण ओढ पाहिली तर मियाटाचा टॉर्क २०० न्यूटन मीटर आणि फियाटचा जवळजवळ २५०. शिवाय फियाट १४ सेंटीमीटरने लांब, पन्नासेक किलोने जड, डिकी १० लिटरने मोठी (१४० लिटर, म्हणजे तरीही एक बॅग आणि चपला), सस्पेन्शन मऊ आणि आतून शांत. एक्सेलमध्ये मार्क दिले तर फियाट दोन गुणांनी पुढे.

बाबांनी रसाचा ग्लास खाली ठेवला. "टर्बो आहे म्हणतोस. मग घाटात वळणावरून बाहेर पडताना पाय दाबला की लगेच उचलते, का थांबून उचलते?"

मी थक्कच झालो. हा प्रश्न समजायला मला दोन टेस्ट ड्राइव्ह लागल्या होत्या! फियाट थांबून उचलते. खाली २००० आरपीएमवर असाल तर दाबल्यावर एक क्षण काहीच होत नाही, मग एकदम धक्का येतो. सरळ हायवेवर मजा येते, पण वळणात तो क्षण तुमच्या हातात नसतो. मियाटामध्ये ताकद कमी, पण जेवढा पाय तेवढी गाडी. जोर हवा असेल तर गिअर खाली टाका आणि इंजिन फिरू द्या. माझदावाले ह्याला 'जिनबा इत्ताई' म्हणतात, म्हणजे घोडा आणि स्वार एक होणं. समोर सेवालाल महाराजांचा अश्वारूढ पुतळा होता, त्यामुळे हे बाबांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

"पार्ट मिळतात का?"

हा दुसरा प्रश्न. माझ्या शीटमध्ये हा रकाना शेवटून तिसरा होता. बाबांच्या शीटमध्ये पहिला. मियाटा १९८९ पासून बनतेय, २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली आणि अजूनही बनतेय. फियाट १२४ मात्र २०२० नंतर बंद. सांगाड्याचे बरेच पार्ट माझदाचे, त्यामुळे त्याची काळजी नाही. पण इंजिन फियाटचं, तेलाच्या बाबतीत नाजूक, आणि अमेरिकेत फियाटचे डीलर शोधावे लागतात.

"मग विचार कसला करतोस? बंद पडलेल्या मॉडेलची गाडी घेऊ नये. ती नवी असते तोवर आपली, बिघडली की मिस्त्रीची."

एका वाक्यात माझी ३४ ओळींची शीट खलास.

इथे कुणी म्हणेल, भारतात का नाही मिळत अशा गाड्या? एक होती. बंगळूरच्या सॅन मोटर्सची सॅन स्टॉर्म, नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली. दोन सीट, फायबरची बॉडी, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन. मी फक्त फोटोत पाहिलीय. ऊन, धूळ, खड्डे आणि दोनच माणसं बसणाऱ्या गाडीला घरातल्या पाच जणांचा विरोध... फार चालली नाही ह्यात नवल काय?

आणि तो विरोध आता मलाही ऐकायला मिळणार होता. "बसतात किती?" बाबांनी विचारलं.

"दोन."

"मी आणि तुझी आई आलो तर?"

मी काहीच बोललो नाही. खरं सांगायचं तर शीटमध्ये हा रकाना नव्हताच. असं नाही की मी विसरलो होतो. मी तो टाळला होता. जसा मी आणखी एक रकाना टाळला होता आणि बाबा सरळ तिथेच आले.

"आणि तुझं तिथलं नक्की आहे का?"

माझं एच-१बी चौथ्या वर्षात आहे. ह्या वेळी सुट्टी काढून आलोय ती यात्रेसाठी कमी आणि स्टॅम्पिंगसाठी जास्त. पासपोर्टवर शिक्का पडला तर परत जायचं, नाही पडला तर... ते वाक्य आमच्या ग्रुपवर कुणीच पूर्ण करत नाही. एका मित्राची गाडी सहा महिने पार्किंगमध्ये उभी होती, शेवटी इथे बसून फोनवरून विकली त्याने. ज्या देशात आपण किती दिवस आहोत हे ठाऊक नाही तिथे टर्बो घ्यावा की नाही ह्यावर मी आठ महिने घालवले. खरं तर त्यासाठीच घालवले असावेत. एक्सेलला उत्तर असतं, शिक्क्याला नसतं.

"नक्की नाही," मी म्हणालो. आणि मग तोंडातून जे इतके दिवस आत होतं ते निघून गेलं. "बाबा, आपलं घर पत्र्याचं होतं. मी दहावीला असताना वादळात ते पत्रे उडाले, तुम्ही पतपेढीचं कर्ज काढून परत टाकले. मी इंजिनिअर झालो तेही कर्जावर. आणि आता मी छप्पर नसलेल्या गाडीला पंधरा लाख रुपये घालू?"

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. बाजूने एक ट्रॅक्टर गेला, ट्रॉलीत फेटिया-कांचळी घातलेल्या वीसेक बायका, भर उन्हात गाणी म्हणत. त्यांच्याही डोक्यावर छप्पर नव्हतं.

"स्लॅब मागच्या वर्षी पडला ना?" ते शेवटी म्हणाले. "तुझ्याच पैशातून. कर्ज फिटलं. मग आता हिशोब कुणाला देतोस? मी तीस वर्षं ड्रायव्हर होतो, पण मला आवडली म्हणून गाडी कधी चालवली नाही. ड्यूटी लागेल ती चालवली. तू एक तरी आवडीची चालव. फक्त ती इटलीची नको."

"आणि तुम्ही दोघं आलात तर?"

"आधी आईला फिरव. मी काय, मागच्या खेपेला."

एवढ्यात आई आली, हातात नारळ आणि प्रसाद. तिने फोटो पाहिला, लाल गाडी चांगली दिसते म्हणाली. लाल म्हणजे मियाटा. म्हणजे तीन शून्य.

मुंबईला कॉन्सुलेटमध्ये माझी तारीख पुढच्या मंगळवारी आहे. शिक्का पडला तर माझदा. डीलरशी बोलून ठेवलंय, पण ॲडव्हान्स दिलेला नाही. नाही पडला तर ती दुसऱ्या कुणाची तरी होईल आणि मी पुण्यात नोकरी शोधत असेन. दोन्हीची तयारी ठेवलीय, निदान ठेवलीय असं स्वतःला सांगतोय.

परत येताना बाबा मागे बसले, मी चालवली. संध्याकाळचा वारा, रिकामा रस्ता, दोन्ही बाजूला कापणी झालेली शेतं. दोन सीट, छप्पर नाही, पार्ट कुठेही मिळतात आणि पाय दाबला... म्हणजे मूठ पिळली की लगेच उचलते.

हिला शीटमध्ये घ्यायला हवं होतं. :)