तीळ गेल्यावर

माझ्या सेवापुस्तकात ओळखीच्या खुणेच्या रकान्यात ‘उजव्या गालावर तीळ’ अशी नोंद आहे. तो तीळ आता नाही. सत्तरी उलटल्यावर तो वाढू लागला, रंग बदलला, तोंड पुसताना एक-दोनदा रक्तही आलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी जागा बधिर करून तो काढला, तीन टाके घातले आणि तुकडा तपासणीला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. अहवाल चांगला आला.

मग सुरू झाले सल्ले! कुणी हळद, कुणी लिंबू, कुणी तूप. डॉक्टरांचं म्हणणं साधं होतं. जखम रोज हलक्या हाताने धुवा, साधं व्हॅसलीन लावा, खपली काढू नका. जखम उघडी ठेवून सुकू द्यावी असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्येच डुकरांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं, की ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी त्वचा लवकर धरते.

त्याच वर्षी अकोल्याच्या माझ्या भाचीने हनुवटीवरचा तीळ लेझरने काढून घेतला. मार्चअखेर तीळ काढला आणि मे महिन्यात लग्न. तीळ होता तिथे काळपट डाग पडला. कुणीतरी मेडिकलमधून गोरं करणारं मलम आणून दिलं. रात्री तिचा फोन आला, “आत्या, लग्नापर्यंत जाईन का वो हा डाग?”

खोटं बोलवेना. म्हटलं, “नाही जाणार बाई. पण पुढं जाईल.”

आपल्या सावळ्या त्वचेला इजा झाली की ती जास्त रंग तयार करते, आणि ऊन लागलं की तो आणखी गडद होतो. आमच्या वऱ्हाडात तर एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणून जखम भरल्यावर सनस्क्रीन आणि तोंडाला दुपट्टा, हेच खरं औषध. व्रण पहिले काही आठवडे उलट जास्त लाल आणि कडक दिसतो. आतले धागे नीट बसायला वर्षभर लागतं. डॉक्टरांनी सांगितलं तर सिलिकॉनचं जेल लावावं. व्रण फुगून मूळ जखमेबाहेर पसरू लागला, तर मात्र परत दाखवावं. त्याला केलॉइड म्हणतात, त्यावर इंजेक्शन असतं.

आणि ते मलम? अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने त्वचा पातळ होते, पुरळ येतं. २०१८ मध्ये सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ती हातोहात मिळतात. भाचीने ते त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी बंद करायला लावलं.

लग्न डागासकट झालं. फोटोवाल्याला तो पुसू का विचारावंसं वाटलं, ती नको म्हणाली. पुढच्या संक्रांतीपर्यंत डाग बराच फिका झाला होता.

तुमच्याही घरात कुणाचा तीळ काढायचा असेल, तर तारीख आधी पाहा. हिवाळा बरा, आणि लग्नाआधी वर्षभर तरी हाताशी ठेवा. मात्र तीळ बदलत असेल, तर कुठलाच मुहूर्त पाहू नका.